काचेचं पाणी

मुरारी मिस्त्रीला कुणी खोटारडा म्हटलं असतं, तर महाडात लोकांनी म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. माणूस मुळात बोलायचाच कमी, मग खोटं बोलणार कधी? मूळचा तुडीलचा. सोळा वर्षं मुंबईत एका गॅरेजात हात काळे करून परतला आणि हायवेवर, औद्योगिक वसाहतीकडं वळणाऱ्या फाट्याजवळ, पत्र्याची शेड टाकून बसला. गाडी आली की आधी बॉनेट उघडायचा नाही. इंजिन चालू ठेवायला सांगून डोळे मिटून उभा राहायचा, जुन्या वैद्यानं नाडी धरावी तसा. मग म्हणायचा, "तिसरा सिलिंडर." आणि दुखणं तिसऱ्यातच निघायचं.

एकच खोड होती त्याला. हुन्नर कुणाला सांगायचा नाही. शेजारचा गॅरेजवाला डोकावला की हातातलं काम फडक्याखाली जायचं. विद्या दिली की गिऱ्हाईक गेलं, हे त्याचं ब्रीद. बायको ललिता चिडवायची, "अहो, उद्या मेलात तर यमालासुद्धा सांगणार नाही कशानं मेलात ते." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात हे खरं, पण मूठ कायमचीच झाकून बसलं की त्या हातानं दुसऱ्याचा हात धरता येत नाही. हे त्याला कळलं, पण फार उशिरा.

पंच्याण्णव सालची गोष्ट. हरिभाऊ शेठ म्हणून रस्त्यांचे ठेकेदार होते महाडात. त्यांच्याकडं पेट्रोलवर चालणारी जिप्सी होती. शेठना वेगाचं भारी वेड. त्यांच्या पुण्याच्या भाच्यानं मुंबईच्या भंगारबाजारातून कुठल्याशा जपानी गाडीचा टर्बो आणून दिला. टर्बो म्हणजे गाडीच्या धुराच्या जोरावर फिरणारी भिंगरी. ती इंजिनात हवा ठासून भरते, आणि तेवढ्याच इंजिनातून दीडपट ताकद निघते. शेठनी तो मुरारीच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मुरारी, आंबेनळी घाट मला तिसऱ्या गिअरवर चढायचाय."

मुरारीनं टर्बो बसवला. गाडी धावली, पण घाटाच्या पहिल्याच चढावर इंजिनातून आवाज यायला लागला, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा. मुरारीला तो ओळखायला डोळे मिटावे लागले नाहीत. ठासलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची वाट बघत नाही. आपणहून भडकतं. शिस्तीत जळायचं ते एकदम फुटतं, आणि दर फुटीला पिस्टनच्या डोक्यावर घण बसतो. असे चार घाट चढले की पिस्टनला भोक पडलंच म्हणून समजा.

यावरचा उतारा त्याला माहीत होता. मुंबईत त्याला शिकवलं ते महादू उस्तादांनी. उस्ताद तरुणपणी विमानतळावरच्या कारखान्यात होते. ते सांगायचे, लढाईतल्या विमानांना उडताना जास्तीचा जोर लागला की इंजिनात पाणी मारत. धार नव्हे, तुषार. पाण्याची वाफ होताना ते आतली उष्णता ओढून घेतं, आणि पेट्रोल आपल्या वेळेला, आपल्या शिस्तीत जळतं. "आग विझवायची नाही, निववायची," उस्ताद म्हणायचे. "उन्हाळ्यात अंगणात सडा टाकतो ना आपण, तसा."

मुरारीनं आठवडाभर शेडचं दार लावून काम केलं. भंगारातल्या गाडीची काच धुण्याची बाटली आणली, तिचाच छोटा पंप घेतला, आणि टर्बोचा दाब चढला की आपोआप दाबला जाईल असा एक स्विच जोडला. अडलं ते फवाऱ्याशी. पाणी धुक्यासारखं बारीक पडायला हवं होतं. तेव्हा त्याची नजर गेली ललिताच्या पितळी स्टोव्हवर. स्टोव्हच्या निपलाचं भोक केसाएवढं. त्यानं निपल काढलं, इंजिनाच्या तोंडाशी बसवलं, आणि घरात चुलीवर भात व्हायला लागला. ललितानं उद्धार केला, पण जिप्सी घाट चढली. तिसऱ्या गिअरवर, आणि खिळ्यांचा आवाज गायब. मुरारी त्या दिवशी एकटाच हसत बसला होता म्हणतात.

आता हे शेठना सांगायचं कसं? महाड म्हणजे सावित्रीच्या पुराचं गाव. दर आषाढ-श्रावणात कुणाच्या ना कुणाच्या गाडीत पाणी शिरायचं आणि ती मुरारीच्या दारात ओढत यायची. इंजिनात पाणी गेलं म्हणजे इंजिन मेलं, हे इथं शाळेतल्या पोरालाही ठाऊक. 'शेठ, मी मुद्दाम तुमच्या इंजिनात पाणी सोडलंय' असं म्हटलं असतं, तर शेठनी जिप्सी त्याच पावली दुसऱ्याच्या दारात नेली असती. शिवाय शेजारच्या गॅरेजवाल्याचे कान लांब. म्हणून मुरारीनं कुणालाच सांगितलं नाही. पाणी संपलं तर काय, हा विचारही त्यानं केला होता. दर शनिवारी गाडी तपासणीला येई, तेव्हा तो स्वतःच्या हातानं बाटली बॅटरीच्या स्वच्छ पाण्यानं भरी. एवढं पुरे, असं त्याला वाटलं.

ती बाटली एका माणसाच्या मात्र नजरेतून सुटली नाही. सयाजी उतेकर, शेठचा ड्रायव्हर. पोलादपूरच्या आतल्या अंगाला, सावित्रीच्या वरच्या खोऱ्यात त्याचं गाव. घरची भातशेती होती, पण याचा जीव स्टिअरिंगवर. गाडीला हात लावायच्या आधी चप्पल काढणारा माणूस.

"मिस्त्री, ही दुसरी बाटली कशाला वो?"

"काचेचं पाणी," मुरारी म्हणाला. "जास्तीचं. घाटात चिखल उडतो ना."

सयाजीनं मान डोलावली. मिस्त्री म्हणतो म्हणजे असेल.

दिवाळी आली. मुरारीनं गॅरेज बंद ठेवून तुडील गाठलं, आणि एक शनिवार हुकला. इकडं सयाजीनं गाडी रात्रीपुरती गावी नेली होती, कारण पहाटे पोलादपुरात मुक्कामाला असलेल्या शेठना घेऊन महाबळेश्वर गाठायचं होतं. निघण्याआधी त्यानं बॉनेट उघडून सगळं पाहिलं. ऑइल बरोबर, रेडिएटर भरलेला. दुसरी बाटली मात्र तळाला गेलेली. चांगला ड्रायव्हर जे करील तेच त्यानं केलं. बाटली विहिरीच्या पाण्यानं भरली. आणि काचेचं पाणी आहे म्हणून, काच लख्ख निघावी म्हणून, चिमूटभर साबणाची पावडर टाकली.

त्या पावडरीचे कण स्टोव्हच्या निपलात जाऊन बसले. घाटात अर्ध्यावर खिळे वाजायला लागले. शेठ म्हणाले, "दाब, दाब, मीटिंगला उशीर होतोय." पुढच्या वळणावर निळा धूर झाला आणि इंजिन गप्प बसलं.

दुसऱ्या दिवशी मुरारीनं परतून गॅरेज उघडलं, तोच टेम्पोला बांधून जिप्सी फाट्यावर आली. मुरारीनं आधी बाटलीचं झाकण उघडलं. आत फेस. त्यानं बोट बुडवून वास घेतला. मग त्यानं निपल काढलं, पांढरं चुन्यासारखं बुजलेलं. एका क्षणात त्याला सगळं समजलं, कोणी काय केलं आणि का केलं. शेठ संध्याकाळी येणार होते. इंजिन खोलायच्या आधी त्यानं बाटली, पंप, स्विच, नळी सगळं काढून पोत्यात भरलं, आणि निपल टेबलाच्या खणात टाकलं.

शेठ आले तेव्हा मुरारीच्या हातात पिस्टन होता, कडेला अंगठा जाईल एवढं भोक पडलेला. भोवती चारपाच ड्रायव्हर जमलेले. सयाजी बाजूला, हात बांधून.

त्या काळी पेट्रोलात रॉकेल मिसळण्याचा धंदा जोरात होता, आणि ड्रायव्हर टाकीतलं पेट्रोल काढून वर रॉकेल ओततात ही तर घरोघरची तक्रार. शेठनी पिस्टन हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

"मुरारी, माझ्या कानावर आलंय की रॉकेल मिसळलं की असं भोक पडतं. खरं का?"

आता इथं बघा हं. मुरारी सरळ खोटं बोलला असता तरी एक वेळ चाललं असतं, आणि खरं बोलला असता तर प्रश्नच नव्हता. त्यानं दोन्ही केलं नाही.

"रॉकेल मिसळलं तर असंच होतं," तो म्हणाला.

शब्द न् शब्द खरा. रॉकेलनं पेट्रोल अवेळी भडकतं, हे कुठलाही मिस्त्री सांगेल. धर्मराजानं नरो वा कुंजरो वा केलं, त्याचा रथ निदान चार बोटं खाली तरी आला. मुरारीच्या शेडची जमीन जागच्या जागी राहिली.

सयाजी म्हणाला, "मिस्त्री म्हनतात म्हंजे रॉकेल असंलच. पन शेठ, मी नाय घातलं. पोरीची शपथ."

"मग कुणी घातलं? तुझ्या बापानं?" शेठ म्हणाले आणि हात पुढे केला. सयाजीनं खिशातून किल्ली काढली, ती शर्टाच्या टोकानं पुसली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. मुरारी पिस्टन पुसत राहिला. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला सूळ उभारावा लागत नाही, गप्प बसलं की भागतं.

ड्रायव्हर लोकांत बातमी वाऱ्याच्या आधी पोचते. महाड-पोलादपुरात सयाजीला पुन्हा कुणी गाडी दिली नाही. महिना-दोन महिन्यांनी तो वसाहतीतल्या एका कारखान्यात पिंपं चढवायच्या कामाला लागला. ज्याचा हात स्टिअरिंगवर पिसासारखा पडायचा, तो रसायनाची पिंपं लोटू लागला. पाळीची बस फाट्यावर वळण्यासाठी मुरारीच्या शेडसमोरच हळू व्हायची. आणि खिडकीतून सयाजी, रोज, हात वर करायचा.

मुरारीही हात वर करी. काय करणार? पहिलं वर्ष त्यानं बसच्या वेळेला मुद्दाम गाडीखाली शिरून पाहिलं. पण बसचा हॉर्न कानावर येईच, आणि गाडीखाली पडल्या पडल्या त्याला दिसे तो वर झालेला हात. त्यानं पुन्हा कधी कुणाच्या गाडीला पाण्याचा फवारा बसवला नाही. ललितानं नवीन निपल मागितलं, ते त्यानं त्याच दिवशी आणून दिलं. जुनं खणातच राहिलं. खण उघडताना ते कोपऱ्यात खडखडायचं आणि तो खण पटकन लोटून द्यायचा. शंभरदा त्याच्या मनात आलं की सांगून टाकावं. शंभरदा त्यानं स्वतःला समजावलं की आता काय उपयोग, त्याचं बरं चाललंय, उगाच जुनी खपली काढायची. माणसाला स्वतःची समजूत घालायला फार बुद्धी लागत नाही.

अशी नऊ वर्षं गेली.

दोन हजार पाचच्या जानेवारीत सयाजी जुनी मोटरसायकल ढकलत शेडमध्ये आला. केस पिकलेले, खांदा एका बाजूला उतरलेला. गाडी चढाला दम सोडत होती. मुरारीनं कार्ब्युरेटर उघडला. आतलं बारीक भोक कचऱ्यानं बुजलं होतं. ते साफ करायला पिन हवी म्हणून त्यानं खण उघडला, आणि निपल खडखडलं.

"जवळच्या गॅरेजात नाही का गेलास? पोलादपुरात काय कमी आहेत?" मुरारी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

"तुमच्याबिगर कुनाचा भरवसा नाय मिस्त्री," सयाजी म्हणाला. "त्या दिवशी तुमी माज्यासाटी एक खोटं बोलला असतात, तर माजी नोकरी वाचली असती. आपली वळख व्हती. पन तुमी नाय बोललात. मला लई राग आलेला तवा. मागनं वाटलं, मानूस असा पायजे. समोर वळखीचा असो नायतर कोन असो, जे हाय ते हाय."

मुरारीच्या हातातली पिन खाली पडली. ती शोधायच्या निमित्तानं तो बराच वेळ वाकून बसला. शिव्या घातल्या असत्या तर त्यानं पचवल्या असत्या, पण हे कौतुक त्याच्या घशाखाली उतरेना. घरी गेल्यावर त्यानं ताट बाजूला सारलं आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा ललिताला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "माझा स्टोव्ह मोडलात ते मी विसरले होते. त्याचं घर मोडलंत की हो."

दुसऱ्या दिवशी तो हरिभाऊ शेठकडं गेला. जे तोंडानं बिघडवलं ते तिथंच आधी दुरुस्त व्हायला हवं, असा त्याचा हिशेब. शेठ आता थकले होते, ओसरीवर आरामखुर्चीत. मुरारीनं पाणी, बाटली, साबण, निपल सगळं सांगितलं. मनाची तयारी करून गेला होता, शेठ उठून मुस्काटात देतील अशी. शेठ डोळे किलकिले करून ऐकत राहिले आणि म्हणाले, "जिप्सी? अरे, ती मी कधीच विकली. कोण, सयाजी होय... कारखान्यात आहे ना कुठंतरी? असू दे रे, जुन्या गोष्टी. चहा घे."

ज्याच्या एका शब्दावर एका माणसाचा जन्म उलटा झाला, त्याला त्या माणसाचं नाव आठवायला डोकं खाजवावं लागलं. मुरारीला क्षणभर हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याचीच मग जास्त लाज वाटली. चहा न घेता तो उठला.

रविवारी तो सयाजीच्या गावी गेला. दुपारची वेळ. घर कौलारू, अंगण सारवलेलं, पण अंगणाच्या मधोमध दगड रचून घातलेली कुंपणाची भिंत, गडगा. पलीकडं तसंच दुसरं घर. कोकणात गडगे काय, जागोजाग. मुरारीनं लक्ष दिलं नाही. सयाजीच्या बायकोनं, गोदूबाईनं, पाण्याचा तांब्या आणला. मुरारीनं पाणी घेतलं नाही. आधी सांगतो, मग प्यायला लायक वाटलो तर द्या, असं म्हणून त्यानं खिशातून निपल काढलं आणि सयाजीसमोर ओटीवर ठेवलं.

सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "ते काचेचं पाणी नव्हतं रे. मी तुला खोटं सांगितलं. तू साबण घातलास तो माझ्या शब्दावर. दोष सगळा माझा. शेठना सांगून आलोय."

सयाजीनं निपल उचललं, उजेडाकडं धरून भोकातून पाहिलं. मुरारी वाट पाहत होता, तो काय म्हणेल याची. माझी नोकरी, माझी गाडी, माझं नाव, काहीही म्हणाला असता तरी मुरारी ऐकायला बसला होता. सयाजीनं वेगळंच विचारलं.

"म्हंजे रॉकेल नव्हतंच?"

"नव्हतं."

"थेंबबी नाय?"

"थेंबही नाही."

गोदूबाई दारातच खाली बसली. "मी सांगत व्हते तुमाला," ती म्हणाली, आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

मुरारीला काही कळेना. सयाजी त्याच्याकडं न बघता, गडग्याकडं बघत बोलू लागला.

"गाडी त्या रातीला हितं अंगनात उभी व्हती मिस्त्री. पलीकडं माजा धाकटा भाऊ, दीपक. तवा तो रेशन दुकानात रॉकेल मापायला व्हता. मी तर घातलं नव्हतं. आन तुमी म्हनलात रॉकेल. तुमी काय खोटं बोलनार? मग घातलं कुनी? पेट्रोल काडून त्यानंच वर रॉकेल वतलं, आसं मी धरलं. त्यानं आयेच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली. मी म्हनलं, मिस्त्री खरा का तू खरा? दुसऱ्या दिवशी ह्यो गडगा घातला."

"नऊ वर्षं?" मुरारीनं विचारलं. 

"आय चार वर्सांमागं गेली. दोगं दोन बाजूंनी खांदा द्यायला आलो. बोललो नाय."

मुरारी नऊ वर्षं एकाच माणसाचा गुन्हेगार म्हणून स्वतःला कोसत होता. त्याच्या अपराधाला एवढा मोठा गडगा आहे, हे त्याला माहीतच नव्हतं. तो ओटीवरून उठेचना. तेव्हा सयाजीनंच त्याच्या दंडाला धरलं आणि उभं केलं. त्या धरण्यात राग नव्हता, माया पण नव्हती. पिंप सरळ करावं तसं.

"माज्याम्होरं बोललात ते झालं," सयाजी म्हणाला. "आता त्याच्याम्होरं बोला."

दोघं गडग्याशी गेले. सयाजीनं हाक मारायला तोंड उघडलं, पण नऊ वर्षांत न घेतलेलं नाव ओठांवर येईना. दोनदा प्रयत्न केला. शेवटी गोदूबाई मागून ओरडली, "भावजी! ओ भावजी! जरा भायेर या!"

पलीकडच्या दारातून दीपक आला. बनियन, खांद्यावर टॉवेल. गडग्यापाशी भावाला उभा पाहून तो जागीच थबकला. मग हळूहळू पुढे आला. मधे कमरेएवढे दगड.

मुरारीनं पुन्हा सगळं सांगितलं. या खेपेला शब्द फार थोडे लागले. दीपक ऐकत असताना मुरारीकडं बघतच नव्हता, सयाजीकडं बघत होता. सयाजी खाली मान घालून गडग्यावरचा एक दगड हातानं चाचपत होता, तो उचलावा की ठेवावा हे ठरत नसल्यासारखा.

 सांगून झाल्यावर दीपकनं पहिल्यांदा मुरारीकडं पाहिलं.

"आय मरेपरेंत दाराकडं बघत व्हती," तो म्हणाला. "नऊ वर्सं कुटं व्हतात, मिस्त्री?"

मुरारी कुठंच गेला नव्हता. तो रोज फाट्यावर होता, बस रोज समोर हळू होत होती, आणि तो रोज हात वर करत होता.  तो गडग्याशी उभा राहिला, आणि शेजारी सयाजीनं पहिला दगड उचलून बाजूला ठेवला.